इमाम गझाली (रह.) : पदत्यागातून गवसलेले ध्येय

वाचकहो, मनुष्य आपली ओळख करून देताना आधी नाव सांगतो आणि लगेच काम सांगतो. अमुक शाळेचे मुख्याध्यापक, तमुक मशिदीचे इमाम, अमुक ट्रस्टचे अध्यक्ष. वर्षे लोटतात तसे हे बिरुद नावाला इतके चिकटते, की ते गळून पडले तर मागे काय उरेल याची कल्पनाही त्याला करवत नाही. मग एके दिवशी निवृत्तीचा कागद हाती पडतो, कारखाना बंद होतो, दुकान मुलांच्या हाती जाते किंवा जमातीचे लोक दुसऱ्या कोणाला पुढे करतात. त्या दिवशी घराघरांत पसरणारी शांतता आपण अनुभवली असेल. उपजीविकेची चिंता तर असतेच. परंतु त्याहून खोल एक प्रश्न मनाला बोचत असतो : इतकी वर्षे मी लोकांच्या पुढे उभा होतो, तो नेमका कशासाठी?

हाच प्रश्न सुमारे नऊशे वर्षांपूर्वी बगदादमधील एका सदतीस वर्षांच्या विद्वानाला पडला. त्यांना कोणी पदावरून दूर केले नव्हते. उलट त्यांनी पदावर राहावे म्हणून राज्यकर्ते आग्रह धरीत होते. प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी आयुष्याची अकरा वर्षे वेचली. अबू हामिद मुहम्मद बिन मुहम्मद गझाली हे त्यांचे नाव. मुस्लिम जगताने त्यांना हुज्जतुल इस्लाम ही पदवी दिली. आपल्या कोकणातील मुस्लिम बांधव ज्या शाफई पंथाचे अनुसरण करतात, त्याच पंथाचे ते थोर फकीह होते. त्यांचे चरित्र आज आपण एका विशिष्ट बाजूने पाहणार आहोत. काम बदलल्याने माणसाला आपल्या कामाचा अर्थ कसा उमगतो, ही ती बाजू होय.

लोकर कातणाऱ्याचा मुलगा

इमाम गझाली (रह.) यांचा जन्म हि. ४५० म्हणजे इ.स. १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. हे ठिकाण आजच्या इराणमधील मशहद शहराजवळ आहे. वडील लोकर कातून विकीत आणि त्यावर कुटुंबाचा निर्वाह चाले. आपल्याला लिहिणे शिकता आले नाही ही खंत त्यांना जन्मभर राहिली. अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी मुहम्मद आणि अहमद या आपल्या दोन लहान मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले, जवळची थोडीशी पुंजी त्याच्या हाती ठेवली आणि आपले राहून गेलेले शिक्षण या मुलांना मिळावे, अशी इच्छा व्यक्त केली.

पुंजी लवकरच संपली. मित्र स्वतः फकिरी वृत्तीचा होता. त्याने मुलांना स्पष्ट सांगितले, की आता मदरशात दाखल व्हा, तेथे विद्यार्थी म्हणून पोटापाण्याची सोय होईल. दोघे भाऊ मदरशात गेले. ही हकिकत इमामसाहेब पुढे स्वतः सांगत असत. आम्ही ज्ञानाकडे वळलो ते अल्लाहसाठी वळलो नव्हतो, परंतु ज्ञानानेच अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाचे होण्यास नकार दिला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे. ही कबुली ध्यानात ठेवावी, कारण त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचे बीज तिच्यात आहे.

तरुणपणीची आणखी एक घटना प्रसिद्ध आहे. जुर्जानहून शिकून परतताना वाटेत लुटारूंनी त्यांना लुटले. सर्व काही न्या, पण टिपणांची पिशवी तेवढी परत द्या, अशी विनवणी त्यांनी टोळीच्या म्होरक्याला केली. त्या टिपणांसाठीच आपण घर सोडले आणि आपले सारे ज्ञान त्यांतच आहे, असे ते काकुळतीने सांगू लागले. म्होरक्याला हसू आले. पिशवी हिरावली की ज्याचे ज्ञान जाते, तो ज्ञानी असल्याचा दावा कसा करतो, असे त्याने विचारले आणि पिशवी परत केली. तूसला पोहोचल्यावर इमामसाहेबांनी तीन वर्षे खपून ती सर्व टिपणे मुखोद्गत केली. ज्ञान पिशवीत ठेवायचे नसते, हे ते त्या दिवशी शिकले. मान आणि पद हीसुद्धा एक पिशवीच असते, हे कळण्यास मात्र आणखी बरीच वर्षे जायची होती.

बगदादचे वैभव

नैशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. इ.स. १०८५ मध्ये गुरू निवर्तले, तेव्हा त्यांच्या शिष्यांत गझालींचे नाव अग्रभागी होते. पुढे ते सेल्जुक साम्राज्याचा प्रधानमंत्री निजामुल मुल्क याच्या दरबारी छावणीत आले. तेथे विद्वानांच्या वादसभा भरत. त्या सभांत त्यांनी असा ठसा उमटवला, की इ.स. १०९१ मध्ये निजामुल मुल्कने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक म्हणून नेमले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहेतीस वर्षांचे होते.

निजामियाची गादी म्हणजे त्या काळातील विद्वत्तेचा सर्वोच्च मान होता. सुमारे तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. खलिफा त्यांचा सल्ला घेत असे. फावल्या वेळात त्यांनी कोणा गुरूविना तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि तत्त्ववेत्त्यांच्या मतांचे खंडन करणारा ‘तहाफुतुल फलासिफा’ हा ग्रंथ लिहिला. समकालीन चरित्रकार अब्दुल गाफिर फारसी यांनी त्यांच्या या काळातील थाटाचे वर्णन केले आहे. अमीर-उमरावांनाही मागे टाकील असा त्यांचा दबदबा होता. त्याबरोबरच बुद्धीचा गर्व आणि इतरांना कमी लेखण्याची वृत्तीही होती, हेही या चरित्रकाराने लपवलेले नाही.

याच सुमारास दरबारातील चित्र झपाट्याने पालटले. इ.स. १०९२ मध्ये निजामुल मुल्कची हत्या झाली आणि काही आठवड्यांतच सुलतान मलिकशाह मरण पावला. गादीसाठी भाऊबंदकी सुरू झाली. ज्यांच्या एका शब्दावर माणसे मोठी होत, ती माणसे पाहता पाहता दृष्टीआड झाली. इमामसाहेबांची गादी मात्र कायम होती. अस्वस्थता सुरू झाली ती त्यांच्या अंतःकरणात.

जिभेला कुलूप लागते

‘अल-मुन्किज मिनज्जलाल’ या आपल्या आत्मकथनात त्यांनी या अस्वस्थतेचा वृत्तान्त दिला आहे. त्यांनी आपल्या कामांचा हिशेब मांडला. अध्यापन हे त्यांतील सर्वोत्तम काम ठरले. मग त्यांनी त्या सर्वोत्तम कामामागील नियत तपासली आणि ते हादरून गेले. त्या नियतीत अल्लाहची प्रसन्नता त्यांना सापडली नाही. सापडली ती मानमरातबाची आणि कीर्तीची हाव. आपण ढासळत्या कड्यावर उभे आहोत, याची त्यांना खात्री पटली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. हा मनुष्य कोणतेही वाईट काम करीत नव्हता. तो दीन शिकवीत होता. लोकांना त्याच्यापासून लाभ होत होता. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात एकही उणीव दिसली नसती. उणीव दिसली ती फक्त त्याला स्वतःला, कारण कर्मांचे मोल हेतूवर ठरते ही प्रेषितांची (स.) शिकवण तो इतरांना सांगत होता आणि एके दिवशी त्याने ती स्वतःला लावून पाहिली.

त्यानंतरचे सुमारे सहा महिने ओढाताणीचे गेले. हा काळ हि. ४८८ च्या रजब महिन्यापासूनचा, म्हणजे इ.स. १०९५ चा आहे. सकाळी बगदाद सोडण्याचा निश्चय होई आणि संध्याकाळी तो मोडे. एक पाऊल पुढे पडे, दुसरे मागे येई. अशी प्रतिष्ठा आणि असा निर्वेध मान एकदा गेला तर परत मिळणे नाही, असे मन बजावीत राही. अखेर एके दिवशी ते शिकवायला बसले आणि त्यांच्या जिभेला जणू कुलूप लागले. जमलेल्यांसाठी एक शब्द बोलावा म्हणून त्यांनी धडपड केली, पण शब्द फुटेना. दुःखाने अन्नपाण्याची वासना गेली, घास घशाखाली उतरेना. वैद्यांनी हात टेकले. हा आजार हृदयातून शरीरात उतरला आहे, मनावरचे ओझे हलके झाल्यावाचून औषध लागू पडणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला.

तेव्हा इमामसाहेबांनी अगतिक होऊन अल्लाहचा धावा केला. त्यांच्याच सांगण्यानुसार, पद, संपत्ती आणि स्नेहीसोबती यांच्यापासून दूर होणे त्यानंतर त्यांना सोपे झाले.

इमाम मागे सरतो तेव्हा

जमातच्या नमाजविषयीचा एक मसला आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. नमाज चालू असताना इमामाचा वुजू तुटला, तर तो मागच्या सफेतील एखाद्या योग्य व्यक्तीला पुढे करतो आणि स्वतः बाजूला होतो. फिक्हमध्ये याला इस्तिख्लाफ म्हणतात. पुढचा माणूस तेथूनच नमाज पूर्ण करतो आणि जमात तुटत नाही. इमाम वुजू करून परत येतो आणि कोठेतरी मागच्या रांगेत उभा राहतो. लोक काय म्हणतील या लाजेने जो वुजूविना तसाच पुढे उभा राहील, त्याचा गुन्हा किती मोठा असेल हे सांगायला नको.

इमाम गझाली (रह.) यांनी नेमके हेच केले. आपल्या नियतीचा वुजू तुटला आहे, हे त्यांनी ओळखले. निजामियातील अध्यापनासाठी त्यांनी आपले धाकटे बंधू अहमद गझाली (रह.) यांना पुढे केले, म्हणजे विद्यार्थ्यांचा पाठ खंडित होऊ दिला नाही. स्वतःजवळची संपत्ती वाटून टाकली, परंतु मुलाबाळांच्या निर्वाहापुरते राखून ठेवले. हा तपशील आपण विसरता कामा नये. आपल्या आत्मशुद्धीचा भार त्यांनी उपाशी लेकरांवर टाकला नाही. कामधंदा सोडून, घरच्यांना वाऱ्यावर टाकून निघणे याला जर कोणी गझालींचे अनुकरण म्हणत असेल, तर त्याने त्यांचे चरित्र अर्धेच वाचले आहे.

हि. ४८८ च्या जिलकद महिन्यात, इ.स. १०९५ च्या नोव्हेंबरात, त्यांनी बगदाद सोडले. आपण मक्केला जात आहोत असे त्यांनी लोकांना सांगितले, कारण शाममध्ये राहण्याचा मनसुबा कळता तर खलिफाने आणि मित्रांनी त्यांना जाऊ दिले नसते. इराकमध्ये तर्कवितर्कांना ऊत आला. दूरच्यांना वाटले की राज्यकर्त्यांची मर्जी फिरली असावी. जवळच्यांना हा आग्रह आणि हा नकार दोन्ही डोळ्यांनी दिसत होते, म्हणून ते म्हणू लागले की कोणाची तरी नजर लागली. इतका मोठा मनुष्य इतके मोठे पद केवळ दीनसाठी सोडील, हे बहुतेकांच्या विचारातही आले नाही. पद हेच दीनमधील सर्वोच्च स्थान आहे, अशी त्यांची समजूत होती.

एकांतातील अकरा वर्षे

दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या मीनारावर ते दिवसभर दार लावून बसत आणि अल्लाहच्या स्मरणात राहत. बैतुल मुकद्दस येथेही त्यांनी असाच एकांत पत्करला. त्यानंतर अल-खलील येथे हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या मजारीपाशी त्यांनी तीन गोष्टींचा संकल्प केला : कोणत्याही राज्यकर्त्याच्या दरबारी जायचे नाही, त्याचे धन घ्यायचे नाही आणि वादसभांत उतरायचे नाही. ज्या तीन पायऱ्यांनी ते बगदादच्या गादीपर्यंत चढले होते, त्या तिन्ही पायऱ्या त्यांनी स्वतःच्या हातांनी काढून टाकल्या. मग त्यांनी हज केला.

परतताना ते बगदादला थांबले. अंदलुसचे विद्वान अबू बक्र इब्नुल अरबी यांची आणि त्यांची तेथे भेट झाली. त्या वेळी त्यांचा मुक्काम निजामिया मदरशासमोरच्याच एका रिबातमध्ये होता. आपल्याच जुन्या गादीसमोर साध्या वेषात राहताना या मनुष्याला किती शांती लाभली असेल, याचा विचार आपण करावा.

पुढे मुलाबाळांच्या ओढीने ते तूसला परतले. प्रपंचाच्या गरजा आणि उपजीविकेची चिंता यांमुळे एकांताची गोडी वारंवार मोडत असे, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. तरीही प्रत्येक व्यत्ययानंतर ते पुन्हा त्याच मार्गाकडे वळत. घरसंसार सांभाळून अल्लाहकडे वाटचाल करणाऱ्या आपल्यासारख्यांना यात मोठा दिलासा आहे.

याच पर्वात ‘इह्या उलूमिद्दीन’ हा महाग्रंथ आकारास आला. चाळीस भागांच्या या ग्रंथाचे चार खंड आहेत : उपासना, दैनंदिन व्यवहार, विनाशाकडे नेणारे दुर्गुण आणि मुक्तीकडे नेणारे सद्गुण. विवाह, कमाई, जेवणखाण यांवर त्यात स्वतंत्र भाग आहेत. मानमरातबाची हाव आणि दिखाऊपणा यांवरही एक संपूर्ण भाग आहे आणि तो लिहिणाऱ्याने हा रोग प्रथम स्वतःच्या ठायी पाहिला होता. ज्ञानावरील पहिल्याच भागात ते एक निरीक्षण नोंदवतात. एखाद्या गावात मुस्लिम वैद्य एकही नसतो, तरी सगळे फिक्हच्या वादविषयांकडेच धाव घेतात. वैद्यकी शिकणे ही समाजाची गरज असूनही तिकडे कोणी वळत नाही, कारण वैद्यकीने वक्फचा कारभार, काझीपद आणि प्रतिस्पर्ध्यांवर वर्चस्व मिळत नाही. आज मुलाने काय शिकावे हे ठरवताना आपणही समाजाची गरज पाहतो की खुर्चीची उंची, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

बगदादमध्ये त्यांच्यापुढे तीनशे विद्यार्थी होते. या ग्रंथाने आणि पुढे सामान्य वाचकांसाठी फारसीत लिहिलेल्या ‘कीमिया-ए-सआदत’ने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना त्यांच्यापुढे बसवले. नेतृत्व सोडल्यावरच त्यांच्या हातून खरे नेतृत्व घडले.

पुन्हा तेच काम, नवी नियत

इ.स. १०९५ मध्ये निघालेले इमामसाहेब इ.स. ११०६ मध्ये पुन्हा एका मदरशाच्या गादीवर दिसतात. निजामुल मुल्कचा पुत्र फख्रुल मुल्क हा तेव्हा खुरासानात वजीर होता. नैशापूरच्या निजामियात शिकवावे, असा आग्रह राज्यकर्त्यांकडून झाला. इमामसाहेबांपुढे पेच उभा राहिला. एका बाजूला अल-खलीलचा संकल्प होता, दुसऱ्या बाजूला लोकांची श्रद्धा डळमळत होती आणि तिच्यावरचे औषध आपल्याजवळ आहे याची जाणीव होती. एकांतात बसून राहण्याची इच्छा हा आता आळस तर नाही ना, लोकांच्या त्रासापासून सुटका करून घेण्याची पळवाट तर नाही ना, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. अल्लाहच्या मार्गातील जाणत्या माणसांशी मसलत केली. सर्वांनी बाहेर पडण्याचाच सल्ला दिला आणि ते नैशापूरला गेले.

ज्या परीक्षेत त्यांनी पूर्वी पदाला उभे केले होते, त्याच परीक्षेत या वेळी त्यांनी एकांताला उभे केले. पद सोडणे हीच धर्मनिष्ठा आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. आपण बाहेरून परतलो असलो तरी खऱ्या अर्थाने परतलेलो नाही, असे ते लिहितात. पूर्वी आपण ज्याने मान मिळतो ते ज्ञान शिकवीत होतो, आता ज्याने मानाचा मोह सुटतो ते शिकवीत आहोत, असा त्यांचा खुलासा आहे.

अब्दुल गाफिर फारसी यांनी त्यांचा जुना थाट पाहिलेला होता. ही नवी नम्रता म्हणजे पांघरलेला वेष असावा, असा त्यांना आधी संशय आला. वारंवार भेटून, पारखून पाहिल्यावर त्यांनी साक्ष दिली, की हा मनुष्य खरोखर बदलला आहे.

नैशापूरहून ते पुन्हा तूसला परतले. घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि साधकांसाठी खानकाह उभारली. इ.स. १११० मध्ये बगदादच्या निजामियाची गादी पुन्हा रिकामी झाली आणि तिने त्यांना पुन्हा हाक दिली. त्यांनी आदरपूर्वक नकार कळवला. येथे दीडशे विद्यार्थी आहेत, घरसंसार आहे, संकल्पाचे बंधन आहे आणि गुजराण होईल इतकी थोडी जमीन आहे, ही त्यांची कारणे होती. त्यांत ना अहंकार आहे ना कटुता. एकेकाळी जे पद सोडताना त्यांची वाचा गेली होती, ते नाकारण्यास आता एक साधे पत्र पुरले.

आयुष्याच्या अखेरीस ते बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांचा विद्यार्थ्याप्रमाणे अभ्यास करीत होते. हि. ५०५ च्या १४ जमादिउल आखिरला, म्हणजे १८ डिसेंबर ११११ रोजी सोमवारी पहाटे त्यांनी वुजू केला, नमाज अदा केली आणि कफन मागवले. ते डोळ्यांना लावून, स्वामीच्या दरबारी हजर होण्यास तयार असल्याचे सांगून ते किब्ल्याकडे तोंड करून पहुडले आणि सूर्योदयापूर्वी अल्लाहला प्यारे झाले. हा वृत्तान्त त्यांचे बंधू अहमद यांनी सांगितला आहे.

आपल्यासाठी

प्रिय वाचक, आपण आज एखाद्या पदावर असाल, तर ते हातात असतानाच त्यामागील नियत तपासावी. निवृत्तीची वाट पाहू नये. आपल्या मागच्या सफेत पुढे करण्याजोगे कोण आहे, हेही पाहावे. कोणीच दिसत नसेल, तर आपण इतकी वर्षे लोकांना तयार करण्यापेक्षा जागा अडवण्यातच घालवली का, हा प्रश्न टाळता येणार नाही.

आणि आपले काम नुकतेच सुटले असेल, तर खचून जाऊ नये. उपजीविकेसाठी धडपड अवश्य करावी, ती इबादतच आहे. परंतु काम गेल्याने आपण गेलो, असे मानू नये. लुटारूला जी पिशवी नेता येते, ती आपली नव्हतीच. निवृत्त शिक्षकाजवळ शिकवणे उरते, जुन्या मुतवल्लीजवळ अनुभव उरतो, दुकान सोडलेल्या व्यापाऱ्याजवळ सचोटीची ओळख उरते. मोहल्ल्यातील चार मुलांपुढेही ते उलगडून ठेवता येते. घरच्यांनीही एवढे करावे, की कर्त्या माणसाला त्याच्या खुर्चीने मोजू नये. खुर्ची गेल्यावर पहिल्या संध्याकाळी त्याला जो सलाम मिळतो, त्यावर त्याचे सावरणे बरेचसे अवलंबून असते.

इमाम सर्वांच्या पुढे उभा असतो हे खरे, पण त्याचे तोंड मागच्या सफांकडे नसते. तोही त्याच किब्ल्याकडे पाहत असतो, ज्याकडे सर्वांत मागे उभा असलेला पाहतो. हे ध्यानात राहिले, तर पहिली सफ मिळो की शेवटची, नमाज तीच आहे.

हे अल्लाह, आमच्या कामांत इख्लास दे. तू दिलेले पद आम्हाला तुझ्यापासून दूर नेणार नाही असे कर आणि तू परत घेतलेले पद आम्हाला तुझ्याजवळ आणणारे ठरव. आमीन.